गळ्यातलं मडकं, हातातली डबी



मुळशी तालुक्यात सध्या आमच्या थुंकीला भाव आला आहे.

गाडी येते. वर भोंगा, दोन्ही बाजूंना फलक. समाजमंदिरापुढे थांबते. भोंगा ओरडतो – दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे का? संध्याकाळी ताप येतो का? वजन घटतंय का? मग आशाताई एकेकाच्या हातात प्लास्टिकची डबी देते. सांगते, "लाळ नको. खोल खोकून काढलेला बेडका पायजे. सकाळचा." म्हातारी माणसं डबीकडे बघतात आणि तोंड फिरवतात. पोरं हसतात.

मी हसत नाही. गेलं वर्षभर मी आशाताईंच्या मागे पिशवी धरून हिंडतोय. बौद्धवस्ती, मातंगवस्ती, कातकरवाडी, वीटभट्टी, हिंजवडी-माणच्या बांधकामांवरचे पत्र्यांचे कॅम्प. डब्या वाटतो, गोळा करतो, नावं लिहितो. म्हणून जे लिहितोय ते खुर्चीत बसून लिहीत नाही. आणि या मोहिमेवर थुंकायलाही बसलेलो नाही. भांडायला बसलोय. थुंकणं आणि भांडणं यात फरक असतो.

पहिल्यांदा आपल्या थुंकीचा इतिहास बघू. तो आपल्याच जिल्ह्यात सुरू होतो.

पेशवाईच्या पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडकं बांधून हिंडावं लागे. थुंकायचं ते मडक्यात. जमिनीवर पडलेल्या थुंकीवर चुकून सवर्णाचा पाय पडला तर तो बाटेल, म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे लिहून ठेवलं आहे. पेशवाई १८१८ साली बुडाली. मडकं गेलं. थुंकीचा विटाळ गेला नाही, तो मुंबईला गिरणीत जाऊन बसला.

कसा, ते ऐका. ही गोष्ट मुळशीपासून लांबची नाही. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, डोकी फोडून घेतली, तुरुंग भोगला. धरण झालंच. टाटांनी ते पाणी सह्याद्रीवरून खाली कोकणात सोडलं, भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं, आणि आमच्या खोऱ्याच्या पाण्यावर झालेली वीज मुंबईला निघाली. टाटांच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरत होत्या. त्या गिरण्यांत आपला माणूस होता. पण कुठं? कमी मजुरीच्या खात्यांत. जास्त मजुरीच्या साचाखात्याचं दार त्याला बंद. कारण साच्यावर कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालून धाग्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे. महाराचं तोंड धोट्याला लागलं तर धोटा बाटणार! १९२८ च्या मोठ्या संपात लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे बाबासाहेबांनी हाच सवाल टाकला – आमच्या माणसांना साचाखातं उघडं करण्याची मागणी तुमच्या यादीत आहे की नाही?

यातला विनोद बघा. धागा तोंडाने ओढायची तीच रीत विलायत-अमेरिकेच्या गिरण्यांतही होती. एकाच्या तोंडातला धोटा दुसऱ्याच्या तोंडात जातो, त्यातून क्षय पसरेल, या भीतीने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच ती कायद्याने बंद केली. आणि इथे? रोगाची भीती कुणाला नव्हती. भीती होती ती जातीची. साहेबाच्या देशाने थुंकीत जंतू पाहिला, आमच्या देशाने थुंकीत जात पाहिली. जंतू तर रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजीच जगापुढे ठेवला होता.

आता मडक्याच्या जागी डबी आली आहे. मी म्हणतो, डबी चांगली. डबीतली थुंकी ट्रूनॅटच्या मशीनवर लावली तर तास-दोन तासांत जंतू सापडतो, औषधाला दाद देणार की नाही तेही कळतं. डबी घ्याच. पण डबी देणाऱ्याला चार प्रश्न विचारायचा हक्क मडकंवाल्याच्या पणतूला आहे. ते विचारतो.

पहिला प्रश्न : तुम्ही कुणाला दूर करताय?

सरकारी मराठीत या कामाचं नाव आहे राष्ट्रीय क्षयरोग दुरीकरण कार्यक्रम. २०२० पर्यंत त्याच्या नावात 'नियंत्रण' होतं. मग 'दुरीकरण' आलं. शब्द ऐकला की मला आमच्या वस्तीतला एक पोरगा आठवतो. पिरंगुट पट्ट्यातल्या एका कंपनीत ठेकेदाराकडून लागला होता. खोकला सुरू झाला. तपासणीत जंतू सापडले. त्याने सरळपणे सुपरवायझरला कागद दाखवला. दुसऱ्या दिवशी गेटवर ठेकेदाराचा माणूस उभा. "बरा झालास की ये." सहा महिने गोळ्या खाऊन बरा झाला. गेला. जागा भरली होती. घरात तोवर ताट वेगळं, तांब्या वेगळा, आणि बायको माहेरी.

रोग राहिला बाजूला, दूर झाला तो माणूस. आपल्याला 'दूर हो' हा शब्द नवा नाही. म्हणून सांगतो, ताटातून, तांब्यातून, कपड्यातून क्षय पसरत नाही. तो पसरतो कोंडलेल्या हवेतून, खोकताना उडणाऱ्या बारीक थेंबांतून. लागू पडणारं औषध सुरू झालं की काही आठवड्यांत माणसापासून धोका फार कमी होतो. ताट वेगळं करणं ही औषधाची रीत नव्हे, मनूची रीत आहे. ती बौद्धाच्या घरात चालत असेल तर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे आपण कुठल्या तोंडाने बघणार?

आणि त्या पोराचा हक्क कुठं गेला? १९४२ ते १९४६ बाबासाहेब मजूरमंत्री होते. कामगाराच्या आजारपणाच्या विम्याचा अडारकर अहवाल त्यांच्या खात्यात १९४४ साली आला, कायदा १९४८ साली झाला. त्या विमा योजनेत क्षय हा लांबणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. पात्र कामगाराला ८० टक्के मजुरी मिळते, गरज पडली तर दोन वर्षांपर्यंत. पण त्यासाठी नाव पटावर लागतं, भरणा लागतो. ठेकेदार आज एका नावाने, सहा महिन्यांनी दुसऱ्या नावाने. कार्ड विचारलं की "होईल, होईल." बाबासाहेबांनी दिलेला हक्क ठेकेदाराच्या खिशात अडकलाय. डबी वाटणारी गाडी त्या गेटवर का थांबत नाही?

दुसरा प्रश्न : तुम्ही काय मोजताय?

२०१८ साली दिल्लीत पंतप्रधानांनी जाहीर केलं – जग २०३० म्हणतंय, आम्ही २०२५ मध्येच क्षय संपवू. सरकारच्या आराखड्यात २०१५ च्या मानाने नवे रोगी ८० टक्क्यांनी कमी करायचे होते. २०२५ साल आलं आणि गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०१५ साली लाखामागे २३७ नवे रोगी होते, २०२४ साली १८७. म्हणजे घट एकवीस टक्के. कमी झाले, हे खरं. जगाच्या मानाने बरीच कमी झाले, हेही खरं. ते काम करणाऱ्यांना माझा जयभीम. पण ऐंशी कुठं आणि एकवीस कुठं? जगातल्या दर चार क्षयरोग्यांतला एक अजून भारतातला आहे.

आता ही घोषणा ग्रामपंचायतीच्या गळ्यात बांधली आहे. २०२३ पासून 'क्षयमुक्त पंचायत'. प्रमाणपत्र पाहिजे तर अटी अशा – हजार लोकसंख्येमागे निदान तीस संशयितांची तपासणी, आणि हजारामागे सापडलेले रोगी एक किंवा एकापेक्षा कमी. शिवाय उपचार पुरे झालेले, पैसे पोचलेले, वगैरे. अटी पुऱ्या झाल्या की पंचायतीला महात्मा गांधींचा पुतळा. पहिल्या वर्षी काशाच्या रंगाचा, दुसऱ्या वर्षी चांदीच्या, तिसऱ्या वर्षी सोन्याच्या.

पुतळ्यावर मी बोलत नाही. पुणे कराराच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना त्यावर सांगायची गरज नाही. मी गणितावर बोलतो. हजारी एकापेक्षा जास्त रोगी सापडले की प्रमाणपत्र गेलं. मग ज्या गावात काम कसून झालं, वीटभट्टीवर जाऊन, कॅम्पात रात्री आठला जाऊन थुंकी गोळा केली, ते गाव नापास. आणि ज्या गावाने देवळासमोरच्या आळीत धडधाकट माणसांच्या तीस डब्या भरल्या, ते पास! मी म्हणत नाही की सगळीकडे हेच चालतं. मी म्हणतो की गणितात ही वाट उघडी ठेवली आहे, आणि आपल्या वस्त्यांचा अनुभव काय सांगतो ते तुम्हाला ठाऊक आहे. गावाच्या हिशेबात आपण कधी असतो? मतांना असतो.

माणच्या बांधकामावरचा बिहारी, नांदेडचा, कलबुर्गीचा मजूर कुठल्या गावाचा? भट्टीवर येऊन चार-सहा महिन्यांनी उठून जाणारा कातकरी कुठल्या गावाचा? २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्याच्या डबीचा निकाल येईपर्यंत त्याचा ठेकेदार त्याला दुसऱ्या साइटवर नेतो. तो तिथं खोकतो. हे गाव मुक्त होतं.

तिसरा प्रश्न : भाकरीचं काय?

हा मुद्दा नीट समजून घ्या, इथं आपल्या पोरांना डॉक्टर लोक शब्दांत अडकवतात. १९५६ साली मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. निम्मे रोगी सॅनेटोरियममध्ये, चांगल्या खाण्यावर. निम्मे झोपडीत, आपल्या फाटक्या संसारात. दोघांना औषध तेच. १९५९ साली निकाल आला – झोपडीतले रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले. हा निकाल गरिबाच्या बाजूचा होता. सॅनेटोरियमची खाट ज्याला मिळणार नव्हती त्याला घरी बरं होता येतं, हे सिद्ध झालं. पण राज्यकर्त्यांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला. गोळी पुरे! भाकरीचं बघायला नको! साठ वर्षं आपल्याला गोळी मिळाली, तीही कधी असायची, कधी नसायची.

मग झारखंडात डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी दुसरा प्रश्न विचारला. रोगी औषधाने बरा होतो, पण त्याच्या घरातल्या उपाशी माणसांचं काय? २,८०० रोगी आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. सगळ्या रोग्यांना तांदूळ, डाळ, दूधपावडर, तेल दिलं, आणि अर्ध्या घरांत बाकीच्या माणसांनाही तांदूळ-डाळ दिली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं – ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथं नवा क्षय ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झाला. ज्या रोग्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं त्यांच्यात मरण साठ टक्क्यांनी कमी दिसलं. लस नाही, मशीन नाही. डाळ-तांदूळ. आपल्या आज्या हे सांगत होत्या, पण आजीचं कुठं छापून येतं?

आता आपल्या वाट्याला काय येतं बघा. २०१८ पासून रोग्याला महिना पाचशे रुपये. नोव्हेंबर २०२४ पासून हजार. म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. ते बँकेत येणार, आधार जुळलं तर. ज्या बाईचं खातं नाही तिच्या नवऱ्याच्या खात्यात. नवरा कुठं जातो ते विचारू नका.

शिवाय २०२२ पासून 'निक्षय मित्र'. म्हणजे कुणी दानशूर रोग्याला दत्तक घेणार. दत्तक! साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला दत्तक! कीट येतं. कीटमध्ये डाळ, तेल, दूधपावडर. अंडी असली तर असली, सक्ती नाही. कीट देताना फोटो निघतो. मधे रोगी, दोन्ही बाजूंना मित्र. मी एका बाईला बघितलं, फोटोच्या वेळेला तिने पदर तोंडावर ओढला. साहेब म्हणाले, "पदर काढा, चेहरा दिसू द्या." ज्या रोगाचं नाव ती शेजारणीला सांगत नव्हती, त्या रोगाचा फोटो गावभर फिरला.

देणारा मनाने चांगला असेल. पण कीट हा हक्क नव्हे, भीक आहे. मित्राचं मन फिरलं की कीट बंद. आणि घरातल्या बाकीच्या पाच तोंडांचं काय? झारखंडाने तर सांगितलं की शिधा सगळ्या घराला पाहिजे. मग तो रेशनच्या दुकानावर, कार्डावर, कायद्याने का मिळत नाही?

आणखी एक. आपल्या माणसाच्या पोटात स्वस्तात मांस जात होतं ते कशाचं, हे लपवायचं कारण नाही. मार्च २०१५ मध्ये या राज्यात गोवंशहत्याबंदीचा कायदा आला, गाईबरोबर बैलही बंद झाला. शाळेतल्या आहारातल्या अंड्याचा सरकारी पैसा जानेवारी २०२५ मध्ये थांबवला. गरिबाच्या ताटातलं स्वस्त मांस काढायचं, पोराच्या ताटातलं अंडं काढायचं, आणि मग 'प्रथिनं खा' म्हणून भिंती रंगवायच्या! भिंतीवरचं प्रथिन चाटून वजन वाढत नाही.

चौथा प्रश्न : हे काम करतंय कोण?

फलकावर फोटो मंत्र्यांचे. डोंगर चढणारे पाय दुसऱ्यांचे. ताम्हिणीकडच्या पावसात धनगरवाड्यावर कोण जातं? आशाताई. थुंकीच्या डब्या थर्मासात घालून मोटारसायकलवरून तपासणीला कोण नेतं? कंत्राटी पर्यवेक्षक. दिवसभर जंतू असलेल्या डब्या उघडतं कोण? कंत्राटी लॅब टेक्निशियन. वर्षाला ऑर्डर, वर्षाला धास्ती. या आशाताईंत आपल्या वस्त्यांतल्या बाया कमी नाहीत. एकाच घरात सासू रोगी आणि सून आशा, हेही मी बघितलं. तिला त्या घरात जायचे पैसे नाहीत म्हणे, ते तिचंच घर!

ऑक्टोबर २०२३ मध्ये या बाया संपावर गेल्या. मानधनवाढीचं आश्वासन मिळालं, आदेश निघेना. जानेवारी २०२४ मध्ये परत संपावर, नंतर आझाद मैदानावर उन्हात. त्याच वर्षी मार्चमध्ये क्षयाच्या गोळ्यांचा तुटवडा झाला. केंद्राने राज्यांना पत्र धाडलं – तुमचं तुम्ही विकत घ्या. तेही जमलं नाही तर रोग्याने दुकानातून घ्याव्यात, पैसे मागून देऊ. म्हणजे आशाताईने घरी जाऊन सांगायचं, "एकही डोस चुकवू नका." आणि पिशवीत गोळ्या नाहीत. शिव्या कुणाला बसल्या? फलकावरच्यांना नाही.

आणि गोळ्या चुकल्या की जंतू बेरका होतो. मग साध्या क्षयाचा हट्टी क्षय होतो. तेव्हा सरकार म्हणतं, रोगी बेजबाबदार!

एवढं सगळं ऐकून आमचा एक मित्र म्हणाला, "मग कशाला हिंडतोस त्यांच्या मागं? बहिष्कार टाकू. डब्या परत करू." त्याचं रक्त गरम आहे, मला आवडतं. पण त्याला मी जे सांगितलं तेच इथं सांगतो. डबी परत केली तर जंतू कुणाच्या छातीत राहील? मंत्र्याच्या? तो राहील दहा बाय दहाच्या खोलीत, सात माणसांत, खिडकी नसलेल्या पत्र्याखाली. आपल्या लेकरांत. चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्यावर बहिष्कार टाकला नाही. पाणी प्याले. हक्क म्हणून प्याले. डबीही तशीच घ्यायची.

आणि आपलीही झाडाझडती घेऊ. जयंतीला डीजेवर लाख रुपये जातात, आणि मागच्या गल्लीतला माणूस रक्ताची गुळणी टाकत मरतो, हे आपल्याला दहाव्याला कळतं. रोग लपवणारे आपणच. भगताकडे नेणारे आपणच. जंतू भीमसैनिकाला सोडत नाही. दारू आणि तंबाखू तर त्याच्यासाठी दार उघडून ठेवतात. खडी मशीनवरची धूळ छातीत गेली की क्षयाला आयतं घर मिळतं, हे त्या मशीनवर जाणाऱ्या पोरांना आपण सांगितलं का?

म्हणून काम असं करायचं.

प्रत्येक वस्तीत दोन पोरं, दोन पोरी. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर डबी भरून घ्यायची, निकाल येईपर्यंत पाठ सोडायची नाही. गोळ्या सहा महिने, बरं वाटलं तरी सहा महिने. रोग्याच्या घरातल्या बाकीच्यांची तपासणी आणि प्रतिबंधक गोळ्या मागून घ्यायच्या. नाव फोडायचं नाही, फोटो काढू द्यायचा नाही.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर – ग्रामसभेत उभं राहायचं. विचारायचं : तीस डब्या कुठल्या आळीत भरल्या? भट्टीवर किती? कॅम्पात किती? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायचं. प्रमाणपत्राआधी यादी वाचा म्हणायचं.

कारखान्यांच्या गेटवर विम्याचं कार्ड मागायचं. कार्ड नाही तर ठेकेदाराचं नाव लिहून कामगार खात्याला अर्ज.

जयंतीच्या वर्गणीतला चौथा हिस्सा अंडी, डाळ आणि शेंगदाण्याला. फोटो नाही, फलक नाही. आणि त्याची पावती तहसीलदाराला, वर लिहून – हे काम तुमचं होतं, आम्ही करतोय, रेशनवर आणा.

आशाताई पुन्हा मैदानात बसल्या तर त्यांच्या शेजारी आपली सतरंजी.

एवढं केलं तरी क्षय जाणार नाही, हे मला माहीत आहे. घर, पगार, भाकरी यांचा निकाल लागल्याशिवाय तो जात नाही. पण तोवर आपलं एकही माणूस न कळता, एकटं, वेगळ्या ताटात जेवत मरणार नाही, एवढं आपल्या हातात आहे.

रविवारी सकाळी नऊला पौडच्या एस.टी. स्टँडवर भेटू. पहिल्यांदा भट्ट्यांवर जायचंय. पाण्याची बाटली, वही आणि तोंडाला मास्क घेऊन या. डब्या मी आणतो.

जयभीम.